आहे अजून

स्खोकलांड म्हणजे नेदरलँड्समधलं, शेतांच्या मधोमध राहून गेलेलं बेट. चारी बाजूंना शेतीच शेती, समुद्राचा पत्ता नाही. भूजलपातळी मोजायला मी तिथे नेहमी जाते, पण ऑगस्ट २०१८ मधला एक दिवस डोक्यातून जात नाही.

मोजणी साधी असते. जमिनीत पुरलेल्या नळीत फीत सोडायची. टोकाला खालून पोकळ असलेलं धातूचं वजन, ते पाण्याला टेकलं की ‘डुबुक’ आवाज येतो. त्या क्षणी आकडा वाचायचा. त्या दिवशी फीत सुटत राहिली, आवाज काही येईना. आला तेव्हा पाणी एप्रिलपेक्षा हातभर खाली होतं. तो उन्हाळाच कोरडा गेला होता.

मिडलब्यूर्ट या बेटावरच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर, चर्चच्या सावलीत एक आजोबा बसले होते. पूर्वज इथलेच, म्हणाले. १८२५ च्या उधाणात जुनं चर्च गेलं, म्हणून १८३४ मध्ये हे विटांचं उभं केलं. समुद्र बेट खातच होता, लोक कंगाल झाले होते. १८५९ मध्ये राजे तिसरे विलेम यांचा हुकूम आला आणि साडेसहाशेच्या आसपास माणसं आपलीच घरं मोडून काम्पेन, फोलेंडाम अशा गावांकडे गेली. पुढे १९३२ मध्ये समुद्राला बांध पडला, १९४२ मध्ये पाणी उपसून बेटाभोवतालचा समुद्रतळ उघडा झाला.

“पाणी किती आहे?” त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. जमिनीत गाडलेलं जुनं लाकूड पाण्याखाली असेतो हवा लागत नाही, ते शतकानुशतकं टिकतं. पाणी उतरलं की बुरशी धरते. माती आकसते, बेट खचतं. म्हणून तर पूर्वेकडे मुद्दाम ओलसर पट्टा राखलाय. ज्या पाण्याला भिऊन त्यांचे पूर्वज उठले, तेच पाणी आता त्यांना गावाखाली हवं होतं. मला त्या क्षणी माझ्या कामाचं वजन पहिल्यांदा कळलं. एरवी मी नुसते आकडे भरायचे.

दुसऱ्या नळीपाशी त्यांनी फीत मागितली. नियमात बसत नाही, तरी मी दिली. सुरकुतलेल्या बोटांतून ती हळूहळू सुटली. मान वाकवून, कान नळीला लावून ते थांबले. वारा पडला होता.

डुबुक.

“आहे अजून,” ते म्हणाले, आणि मी आकडा लिहून घेतला.