देवळीहून पाचवी ‘ब’मध्ये

१९७३ साली आपल्या शाळेतून अकरावी झालेल्या तुकडीचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर आहे. त्यात मागच्या रांगेत चिनी चेहऱ्याचा एक मुलगा दिसतो. तो मी. त्या वर्गातल्या मुलांहून मी दोन वर्षांनी मोठा होतो. दोन वर्षं मागे का पडलो, हे तेव्हा फार थोड्यांना माहीत होतं. आज ते सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या शाळेने माझ्यासाठी काय केलं हे त्याशिवाय कळणार नाही.

माझा जन्म १९५४ चा, आसामात तिनसुकियाजवळच्या मकुम गावातला. चहाच्या मळ्यांत कामाला इंग्रजांनी १८३० च्या दशकापासून चीनमधून माणसं आणली. पुढे आपणहून आलेले कारागीर, दुकानदारही त्या भागात स्थायिक झाले आणि मकुमला चिनी वस्ती उभी राहिली. आमची स्वतःची शाळा होती. वडील सुतारकाम करायचे. वडिलांची आई, माझी आजी, आसामी होती. घरात कँटोनीज आणि आसामी अशा दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालायच्या. बिहूच्या सणाला आजी तिळाचा पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाची तीळ भरलेली गुंडाळी, करायची. चीन आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, वडिलांनीसुद्धा नाही.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनशी युद्ध सुरू झालं, २६ ला आणीबाणी जाहीर झाली. पाठोपाठ जे वटहुकूम निघाले त्यांनी चिनी वंशाच्या माणसाला, तो इथे जन्मलेला असला तरी, ताब्यात घेता येऊ लागलं. आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापैकी कुणी शत्रुराष्ट्राचं नागरिक असलं की पुरे. १९ नोव्हेंबरला मकुमच्या आमच्या वस्तीत पोलीस आले. ‘दोन दिवसांसाठी चला, तुमच्याच सुरक्षेसाठी,’ असं सांगितलं. आईने अंगावरच्या कपड्यांखेरीज एक गाठोडं घेतलं. चुलीवर भात होता, तो तसाच राहिला. आजीला म्हणाले, तुम्ही आसामी, तुम्ही घरी थांबा. आजीने दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि आमच्याबरोबर चालू लागली.

पहिली रात्र गुरांच्या गोठ्यात काढली. नंतर आगगाडीत बसवलं. तो प्रवास आठवडाभर चालला. डब्यांवर ही शत्रूची गाडी आहे असं इंग्रजीत रंगवलेलं होतं. ते मला तेव्हा वाचता आलं नाही, वडिलांना आलं. काही स्टेशनांवर लोक जमले होते, दगड आले, चपला आल्या. मग भात शिजवायला गाडी स्टेशनापासून लांब उभी करू लागले. आम्ही गाडीत असतानाच, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी शस्त्रसंधी केली. लढाई थांबली होती आणि आमची गाडी अजून राजस्थानकडे चाललेली होती. याचा विचार मी इतक्या वर्षांत अनेकदा केला, आजही तो मला गिळवत नाही.

कोट्याला उतरवून आम्हाला देवळीच्या छावणीत नेलं. सगळ्या छावणीत मिळून सुमारे ३००० माणसं होती: आसामची, दार्जिलिंगची, कालिंपाँगची, शिलाँगची. तान्ही मुलं होती, काठी टेकत चालणारे म्हातारे होते. काटेरी तारेचं कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, लांबलचक बराकी. हातात नंबराची पाटी धरून प्रत्येकाचा फोटो काढला, माझाही. मी आठ वर्षांचा होतो.

सुरुवातीला एकत्र स्वयंपाक व्हायचा. भात बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा. पुढे घरटी शिधा मिळू लागला, तेव्हा आईच्या हातचं अन्न पोटात गेलं. आसामच्या पावसात वाढलेल्या माणसांना तिथला उन्हाळा सोसेना. गोणपाटं भिजवून दारात टांगायचो, तासाभरात ती वाळून कडक व्हायची. आम्ही पोरं गोट्या खेळायचो, विंचू पकडून डब्यात घालायचो, कुंपणापलीकडच्या मोरांना हाका मारायचो. मुलांना कुठेही खेळता येतं. म्हणून त्यांना काही लागत नाही असं मोठ्यांनी समजू नये.

आमच्या भागात शाळा नव्हती. शेजारच्या बराकीतली एक थोरली मुलगी दुपारी आम्हाला जमवून जमिनीवर काडीने गणितं घालायची. १९६३ मध्ये चीनने मद्रास बंदरात जहाजं पाठवली आणि तीन खेपांत दोन हजारांहून जास्त लोक निघून गेले. त्यांच्याबरोबर तीही गेली. जिथे आपलं कुणी नाही त्या देशात वडिलांना जायचं नव्हतं. ‘माझी आई इथली आहे,’ एवढंच ते म्हणाले. त्यानंतर आमची गणितं बंद पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात आजी गेली. वडिलांना शिपायाबरोबर बाहेर जाऊन तिला माती द्यायची परवानगी मिळाली, मला मिळाली नाही. घराची किल्ली आईने आपल्याकडे घेतली.

१९६५ च्या अखेरीस आम्हाला सोडलं. मकुमला पोहोचलो तर घराचा लिलाव झालेला होता, आत दुसरं कुटुंब राहत होतं. वडिलांचे एक नातेवाईक माझगावला राहायचे, नवाब टँक रोडवरच्या चिनी मंदिराजवळ. त्यांच्या आधाराने आम्ही मुंबईला आलो. गोदीच्या परिसरात सुताराला काम होतं. घोडपदेवला एक खोली मिळाली.

जून १९६६ मध्ये वडील मला घेऊन शाळांची दारं धरू लागले. माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नव्हता, जन्माचा दाखला नव्हता. होती ती छावणीतून सुटल्याची चिठ्ठी आणि परदेशी म्हणून नोंद असलेलं पोलिसांचं पुस्तक. ते पुस्तक पाहिलं की बोलणं संपायचं. आपल्या शाळेत वडील केवळ जवळ म्हणून आले. कारकुनांनी विचारलं, ‘आधी कुठे होतात?’ वडील म्हणाले, ‘देवळी कॅम्प.’ त्यांना वाटलं नाशिकची देवळाली. ‘मग मिलिटरीतले का तुम्ही?’ वडिलांना उत्तर देता येईना. तेवढ्यात हेडमास्तर बाहेर आले.

हेडमास्तर गिरणगावातले, त्यांचे थोरले भाऊ गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. देवळी हे नाव त्या घराला पाठ होतं. १९४० नंतर इंग्रजांनी डांगे, रणदिवे हे कम्युनिस्ट पुढारी आणि समाजवादी जयप्रकाश नारायण यांना त्याच छावणीत डांबलं होतं, आणि १९४१ मध्ये तिथे मोठं उपोषण झालं तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत रोज त्याची चर्चा चालायची. हेडमास्तरांनी वडिलांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मला विचारलं, ‘तू पण होतास तिथे?’ मी मान हलवली. ‘किती वर्षांचा होतास?’ मी बोटं दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जनरल रजिस्टर मागवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. पूर्वीची शाळा: चिनी शाळा, मकुम, आसाम. शेरा: युद्धामुळे शिक्षणात खंड. दाखल्याच्या रकान्यात ‘पालकांच्या सांगण्यावरून’ असं लिहून खाली सही केली. त्या काळात चिनी मुलाच्या नावापुढे अशी सही करणं सोपं नव्हतं. ती नोंद आजही शाळेत आहे, मी पाहिली आहे.

मला पाचवी ‘ब’ मिळाली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. छावणीत सकाळ-संध्याकाळ आमची मोजदाद व्हायची. तेव्हा ताठ उभं राहायचं, हात बाजूला, नजर समोर. वर्गात बाई हजेरी घेऊ लागल्या की मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत तसाच उभा राहायचो. मुलं हसायची. काही दिवसांनी बाईंनी मधल्या सुट्टीत मला थांबवून विचारलं. मोडक्यातोडक्या हिंदीत मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं नाव आल्यावर त्या म्हणाल्या, ‘बसूनच सांग बाळ, हजर.’ सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, पण इतक्या सहज की कुणाला काही वेगळं वाटलं नाही. त्यानंतर मी बसून हजेरी दिली. बाई दिवाळीपर्यंत रोज शाळा सुटल्यावर मला बाराखडी गिरवायला बसवत. पैसे घेतले नाहीत. आईने एकदा डंपलिंग करून दिली, ती मात्र त्यांनी डबा धुऊन, त्यात चकल्या घालून परत केली.

आठवीत रायगडची सहल निघाली. आम्हाला शहराबाहेर जायला पोलिसांची परवानगी लागायची, म्हणून मी नावच दिलं नव्हतं. हेडमास्तरांना कळल्यावर ते स्वतः चौकीवर गेले आणि मुलाची हमी लिहून दिली. महाराजांच्या समाधीसमोर उभ्या असलेल्या त्या मुलांत मी होतो, ते त्या कागदामुळे.

डिसेंबर १९७१ बद्दल लिहायलाच हवं. मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला, भोंगे वाजू लागले. काचांवर काळे कागद चिकटले तशी आई पुन्हा गाठोडं बांधू लागली. लढाई पाकिस्तानशी आहे, आपल्याशी नाही, हे वडिलांनी कितीही सांगितलं तरी तिचा थरकाप थांबेना. मी शाळेत गप्प होतो. माझ्या बाकावरच्या मित्राने घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी त्याची आई चाळीतल्या आणखी दोघींना घेऊन आमच्या खोलीत आली. माझ्या आईला मराठी जेमतेम समजायचं. मित्राच्या आईने ते गाठोडं सोडलं, कपड्यांच्या घड्या घालून फळीवर ठेवल्या आणि म्हणाली, ‘वहिनी, पोलीस आलेच तर आधी आमच्या दारावरून येतील.’ लढाई संपेपर्यंत त्यांच्यापैकी कुणी ना कुणी रोज रात्री आईसोबत बसायचं.

माझ्या बहिणी पुढे टोरांटोला गेल्या. देवळीत राहिलेल्या अनेकांनी तीच वाट धरली. तिथे त्यांची संघटना आहे. २०१७ मध्ये भारत सरकारने माफी मागावी असं पत्र घेऊन ते ओटावाच्या भारतीय उच्चायुक्तालयात गेले होते. त्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि या देशाचा नागरिक म्हणून मी तो देतो. माफी अजून आलेली नाही.

मी इथेच राहिलो, वडिलांची पटाशी पुढे चालवली. आता एक विनंती. हल्ली आपल्या परिसरात बांधकामावर येणाऱ्या कामगारांची मुलं वर्षाच्या मध्येच येतात, त्यांच्याकडेही कागद नसतात. त्यांना दारातून परत पाठवू नये, एवढं संस्थेच्या विश्वस्तांना मी लेखी कळवलं आहे. अशा मुलांची वह्या-पुस्तकं आणि गणवेश यांचा खर्च मी करेन, तेही त्यात लिहिलं आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात माझ्या नावाने निरोप ठेवावा.