गाडी मागचा डावाच टायर का खात होती

गाडी खाली बसवली की मागचे टायर आतून खाणारच, हे वाक्य आमच्या धंद्यात इतकं रुळलंय की ते तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे आलेल्या एका जुन्या होंडा सिव्हिकच्या मालकाला हेच ऐकवून सगळ्यांनी परत पाठवलं होतं. पोरगा वारज्याचा, नोकरी शिरवळच्या कारखान्यात, रोजचं येणं-जाणं याच गाडीने. स्प्रिंगा बदलून गाडी 40 मिलिमीटर खाली घेतलेली, 17 इंची चाकं, 215/45 चे टायर. नवा टाकलेला मागचा डावा टायर काही महिन्यांत संपायचा. मध्यंतरी घूंऽऽ असा आवाज यायला लागला म्हणून एका ठिकाणी बेअरिंगही बदलून दिलं होतं. आवाज जिथल्या तिथे.

धायरीत माझं अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम चालतं. गाडी मशीनवर घ्यायच्या आधी मी टायर हातात घेतो. मशीन उभ्या गाडीचे आकडे देतं, टायरवर मात्र गाडी रस्त्यावर कशी पळाली ते उमटलेलं असतं. डावं चाक काढलं आणि आतली कड बघून पोटात गोळा आला. रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या. बाहेरच्या खाचा मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक! गाडी उभी असताना मालकाला दिसते ती हीच बाहेरची बाजू, त्यामुळे त्याच्या लेखी टायर ‘अजून चालेल’ असा होता. कारच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर खाच असायला हवी असा नियम आहे, इथे आतल्या बाजूला खाच नावाची गोष्टच उरली नव्हती. आणि याच टायरवर तो रोज संध्याकाळी कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडचा उतार उतरत होता. त्या उतारावर कसे अपघात होतात ते पुण्यात कुणाला सांगायला नको. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, काम होवो न होवो, या टायरवर गाडी इथून बाहेर जाणार नाही.

मग तळवा फिरवला. टायरच्या नक्षीवरून हात आतून बाहेर नेला तर गुळगुळीत. बाहेरून आत आणला तर प्रत्येक पट्टीची कड बोटांना करवतीसारखी लागत होती. असे दात कॅम्बरने, म्हणजे चाक उभ्यात कललेलं असल्याने, पडत नाहीत. चाक आत कललेलं असलं तर आतली बाजू जास्त झिजते, पण ती सरळ, सपाट झिजते. दात पडतात ते चाक तिरकं घासटत गेल्यावर, म्हणजे टोमुळे, चाकाचं तोंड सरळ पुढे नसल्यामुळे. आणि ते बाहेरून आत येताना लागत असतील तर चाकाचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे, टो-आउट. हा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही इतका थोडा असतो. अर्धा अंश धरा. चाक एक किलोमीटर पुढे जाईपर्यंत टायर जवळजवळ नऊ मीटर आडवा घासलेला असतो. वारजे ते शिरवळ आणि परत, रोज, म्हणजे किती रबर जात असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. घूंऽऽ आवाजही या दातांचाच होता, बिचाऱ्या बेअरिंगचा काही दोष नव्हता.

उजवा टायर बघितला. आतून थोडा जास्त झिजलेला, पण सपाट. दात नाहीत.

गाडी मशीनवर चढवली. मागचा कॅम्बर डावीकडे उणे 2.1 अंश, उजवीकडे उणे 2.0. उणे म्हणजे चाक वरून आत कललेलं. गाडी खाली आल्यावर एवढा येतोच, या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि कंपनीने मागच्या कॅम्बरला सेटिंग ठेवलेलंच नाही. पण दोन्ही बाजूंना कॅम्बर सारखा असताना एकच टायर तारांपर्यंत जातो आणि दुसरा धडधाकट राहतो, याचा अर्थ सरळ आहे. इतके दिवस चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जात होती.

अडचण अशी की टोसुद्धा बरोबर होता. डावा 0.10 अंश आत, उजवा 0.12, स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे मापात. पोराबरोबर त्याचे वडील आले होते, आधीच्या अलाइनमेंटचे कागद त्यांनी नीट फाइलला लावून ठेवले होते. त्यांनी फाइल उघडून दाखवली. प्रत्येक कागद हिरवा. म्हणाले, “अहो, मशीन खोटं बोलतं का मग?”

प्रश्न रास्त होता. मी पोराला विचारलं, ब्रेक मारल्यावर गाडी कशी वागते? तो म्हणाला, “काका, मागचा भाग डावीकडे सरकल्यासारखा वाटतो. मला वाटलं रस्त्याला उतार आहे म्हणून.” हे त्याने आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मशीनवरच्या मागच्या चाकांखालच्या सरकत्या प्लेट हलू नयेत म्हणून त्यांना पिना घातल्या, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडच्या दोन पोरांना डिकीला खांदा लावून गाडी पुढे रेटायला सांगितलं. मागची चाकं जाम, गाडी पुढे जायला बघते, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकाला जसा मागे ओढा बसतो तसाच बसतो. वडिलांना स्क्रीनसमोर उभं केलं. उजवीकडचा आकडा किंचित हलला. डावीकडचा 0.10 आतवरून शून्यावर आला, शून्य ओलांडून बाहेर गेला आणि 0.40 वर जाऊन लाल झाला. पोरांनी जोर सोडला तसा हळूहळू परत हिरव्यात. वडील म्हणाले, “पुन्हा करा.” पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन माणसांच्या खांद्याने एवढं, तर उतारावर ब्रेक दाबल्यावर किती, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आता खाली गेलो. ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा दांडा, जिथे बॉडीला बसतो तिथल्या बुशवर, म्हणजे जोडातल्या रबरी नळीवर, बॅटरी मारली. डाव्या बुशच्या रबराला अर्ध्या गोलाएवढी भेग, बोटाचं नख आत जाईल इतकी उघडी. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून दाबलं की आर्म सरळ मागे सरकायचा. हे आधी कुणाला का दिसलं नाही? दोन खांबी लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात, आर्मचा कोन बदलतो आणि भेग मिटते. मी गाडी चाकांवरच उभी ठेवून खालून बघत होतो, म्हणून ती उघडी दिसली.

बुश फाटला कसा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना घट्ट चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने आवळली की ती फिरत नाही, आर्म वर-खाली होताना रबरच पिळलं जातं. गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना रबर सैल असावं, म्हणून बोल्ट त्या उंचीवर आवळायचा असतो. या गाडीच्या स्प्रिंगा बदलणाऱ्याने आर्मच्या बोल्टला पाना लावलाच नव्हता, बोल्टवरची जुनी धूळमाती तशीच होती. गाडी 40 मिलिमीटर खाली आली, बोल्ट जुन्या उंचीवरच आवळलेला राहिला. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही बुश पिळलेलाच, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर त्याहून जास्त. उजव्या बुशलाही बारीक चीर गेली होती. डावा आधी गेला, कारण डावीकडची चाकं आपल्याकडे रस्त्याच्या कडेने जातात, खचलेली ड्रेनेजची झाकणं आणि तुटलेला डांबराचा काठ त्यांच्याच वाट्याला येतो.

दोन्ही बुश नाना पेठेतून मागवले. आर्म काढायच्या आधी जमिनीवर उभ्या गाडीचं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून खडूने लिहून ठेवलं. जुन्या बुशचा कोन आर्मवर खुणेने आखला, कारण बुश फिरवून बसला तर तो कितीही नवा असला तरी उपयोग नाही. प्रेसवर बुश बसवले, आर्म लावला, बोल्ट हातानेच धरवून ठेवले. मग गाडी चाकांवर टेकवली, पुढे-मागे लोटून बसू दिली, लिहिलेलं अंतर जुळलं का बघितलं आणि तेव्हा कुठे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. शेवटी टो लावला आणि पोरांना पुन्हा डिकीला खांदा लावायला सांगितलं. दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच, जेमतेम हलले.

वडिलांनी विचारलं, गाडी खाली घेणंच चुकलं का? मी त्यांना माझं मत सांगितलं. गाडीत असे बदल करणं कायद्यात बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे, आणि पुण्यातल्या स्पीडब्रेकरवर खाली बसवलेली गाडी रोज पोट घासते. पण टायर खाल्ला तो खाली घेतल्यामुळे नव्हे, अर्धं काम करून गाडी हातात दिल्यामुळे. स्प्रिंग बदलणाऱ्याने आणखी तासभर दिला असता तर हे टायर वाचले असते. शिवाय तो पोरगा पावसात उतारावर तारांवर गाडी चालवत राहिला नसता, याची मला जास्त चीड आली.

दिवाळीनंतर तो टायर रोटेशनला आला तेव्हा मी आधी डाव्या मागच्या टायरवर तळवा फिरवला. दोन्ही दिशांनी गुळगुळीत. आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी झिजलेली, उजवीकडे तेवढीच. ती कॅम्बरची झीज. ती थांबवायची तर सेटिंगचे वरचे आर्म टाकावे लागतील किंवा मूळच्या स्प्रिंगा परत बसवाव्या लागतील. मूळच्या स्प्रिंगा त्याच्या घरी माळ्यावर आहेत. त्या या उन्हाळ्यात बसवून घेतो म्हणालाय.