सोयरसुतक नसलेल्या माणसाचे सुतक

चंद्रावर चालून आलेले आणि पुढे चित्रकार झालेले अंतराळवीर ॲलन बीन गेल्याची बातमी कळली त्या संध्याकाळी मी गवार मोडत बसले होते. तारीख २६ मे २०१८, वार शनिवार. ते ८६ वर्षांचे होते. प्रवासात असताना अचानक आजारी पडल्यावर दोन आठवड्यांनी ह्यूस्टनमध्येच त्यांचे निधन झाले होते. मीही ह्यूस्टनचीच, जॉन्सन अवकाश केंद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारी. सोमवारी युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा स्मरणदिन असल्याने गल्लीभर झेंडे लागले होते आणि शेजारच्या परसातून शेगडीचा धूर येत होता. मला जेवण जाईना, तेव्हा नवऱ्याने विचारले, “कोण गेलं?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, ते मला खरोखरच सुचले नाही. चौदा वर्षे एकाच शहरात राहूनही मी त्यांना एकदाही भेटले नव्हते, त्यांचे मूळ चित्र विकत घेण्याची माझी ऐपत नव्हती, आणि ज्याच्याशी काडीचे सोयरसुतक नाही अशा माणसाचे सुतक कसे पाळायचे, हे आपल्याकडे कोणी शिकवलेले नसते.

अवकाशचित्रे काढणारे आम्ही अकरा जण एकमेकांना धरून आहोत. पाच देशांत विखुरलेलो आहोत आणि एखाददुसरा सोडल्यास सर्वांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. माझा इमारतींचे नकाशे काढण्याचा. पहिले दोन दिवस आम्ही बोललो ते आठवणींबद्दलच. १९६९ च्या नोव्हेंबरात बीन यांना चंद्रावर नेणाऱ्या अपोलो १२ चे उड्डाण झाले, तेव्हा पहिल्या मिनिटाच्या आतच यानावर दोनदा वीज पडली होती, आणि नियंत्रण कक्षातून आलेली, सहकाऱ्यालाही न समजलेली सूचना कोणत्या खटक्याची आहे हे बीन यांना ठाऊक असल्याने मोहीम वाचली. हा प्रसंग जो तो नव्याने ऐकल्यासारखा सांगत होता. घरात कोणी गेल्यावर भेटायला येणारी माणसे तीच तीच गोष्ट पुन्हा सांगतात, त्यातलाच तो प्रकार होता, आणि त्याने बरे वाटत होते हे मी नाकारत नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र भांडण झाले. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ शास्त्रशुद्धतेच्या बाबतीत अतिशय कडक आहेत. त्यांनी लिहिले की माणूस थोर होता, पण त्यांचा चंद्र खोटा होता; चंद्राची माती जुन्या डांबरी रस्त्याइतकीच काळपट असते आणि बीन यांनी तिच्यावर जांभळे, नारिंगी, हिरवे रंग चढवले. मला राग आला तो त्यांनी निवडलेल्या वेळेचा, कारण बोलण्यात तथ्य होतेच. बीन यांना फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांचे, विशेषतः मोने यांचे, वेड होते, आणि चंद्र करडा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेला माणूस तो जाणूनबुजून रंगीत करत होता. त्यांच्या आधीच्या पिढीतील चेस्ली बोनस्टेल यांनी दुर्बिणीतल्या चंद्रावरून आणि गणितावरून चित्रे काढली. त्यांचे टोकदार, कड्यांचे चांद्रपर्वत प्रत्यक्षात गोलसर टेकड्या निघाले. न गेलेल्या माणसाची चूक आपण समजून घेतो आणि जाऊन आलेल्याने घेतलेले स्वातंत्र्य मात्र आपल्याला खुपते, हे मला तेव्हा विचित्र वाटले आणि अजूनही वाटते.

त्या वादात उत्तर शोधताना मी त्यांची चित्रे पुन्हा पहिल्यापासून पाहू लागले, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चंद्रावर उतरल्यावर थोड्याच वेळात बीन यांच्या हातून रंगीत दूरचित्रवाणी कॅमेरा सूर्याच्या रोखाने वळला आणि निकामी झाला, त्यामुळे त्यांचे पुढचे चालणे जगाला पाहता आले नाही. सोबत चंद्रावर उतरलेले पीट कॉनरॅड आणि ते दोघेही एकाच छायाचित्रात यावेत म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा टायमर गुपचूप सोबत नेला होता. हवा तेव्हा तो पिशवीतल्या दगडांमध्ये सापडला नाही. तिसरे सोबती डिक गॉर्डन चंद्राभोवती फिरतच राहिले, त्यांना खाली उतरायचे नव्हतेच. बीन यांच्या जागी मुळात क्लिफ्टन विल्यम्स जायचे होते, ते १९६७ मध्ये विमान अपघातात गेले. म्हणून मोहिमेच्या बोधचिन्हावर तिघांसाठी तीन नव्हे, चार तारे आहेत. १९८१ मध्ये नासा सोडल्यावर बीन यांनी त्या टायमरने टिपायचे राहिलेले छायाचित्र रंगवले, आणि एका चित्रात गॉर्डन यांनाही आपल्या दोघांसोबत चंद्रावर आणून उभे केले. जे व्हायचे राहून गेले ते हा माणूस रंगवत होता. अशा चित्रातल्या मातीचा रंग डांबरासारखा आहे की नाही, हे कोणी कशाला मोजत बसावे?

मी हे लिहून कळवले. ज्येष्ठ गृहस्थांनी दोन दिवस उत्तर दिले नाही, आणि मग त्यांनीच सुचवले की श्रद्धांजलीचे शब्द पुरे झाले, आता प्रत्येकाने बीन यांच्या पद्धतीने एक फळी रंगवावी आणि १९ नोव्हेंबरला, चांद्रावतरणाच्या दिवशी, सर्वांनी ती एकमेकांना दाखवावी.

बीन कॅनव्हास वापरत नसत. ते फळीवर जाड लेप देत आणि तो ओला असतानाच चंद्रावर स्वतः वापरलेल्या हातोड्याने व चांद्रबुटाच्या तळव्याने त्यावर ठसे उमटवत. त्यात गणवेशावरील बोधचिन्हांचे, चंद्राची धूळ बसलेले, बारीक तुकडे मिसळत आणि लेप वाळल्यावर ॲक्रिलिकने रंगवत. माझ्याकडे फळी होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ येणार म्हणून खिडक्यांना ठोकायला आणलेले प्लायवुड, वाऱ्याऐवजी पाऊसच कोसळल्यामुळे, तसेच पडून होते. बुटासाठी मी पायपुसण्याच्या रबराच्या पट्ट्या कापून जुन्या जोड्याच्या तळाला आडव्या चिकटवल्या. पहिला लेप पातळ झाल्याने ठसे भरून आले, दुसरा वाळताना तडकला आणि तिसऱ्यावर मी अधीरपणे पाय देताच जोडा तिथेच रुतून बसला. हे सर्व गॅरेजमध्ये, जून-जुलैच्या ह्यूस्टनच्या दमट उकाड्यात चालले होते, जिथे कोणताही लेप सांगितलेल्या वेळेत वाळत नाही. चौथा जमला. विवरांसाठी मी आईने नाशिकहून दिलेल्या खलबत्त्यातला बत्ता वापरला. त्याच्या गोल टोकाचा ठसा हव्या त्या खोलीचा उमटतो.

प्रश्न राहिला धुळीचा. चांद्रधूळ मला मिळणार नव्हती, आणि बाजारातले काहीतरी चमकदार टाकणे ही फसवणूक झाली असती. मग टेबलावर वर्षानुवर्षे कागद दाबायला ठेवलेल्या, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उचललेल्या काळ्या दगडाकडे लक्ष गेले. अपोलो १२ चंद्रावरच्या ‘वादळांचा महासागर’ नावाच्या ज्या मैदानात उतरले तेथील खडकही बेसॉल्टच आहे, तीनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लोणारचे विवर बेसॉल्टमध्येच झालेले असल्याने चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. तेव्हा हे नाते मी ओढूनताणून लावले असे मला वाटत नाही. दगडाची एक कपची फोडून खलबत्त्यात कुटली आणि लेपात मिसळली.

चित्रात मी माणूस काढला नाही. चंद्रावर १९६७ पासून उभ्या असलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानाकडे, त्यांच्या यानापासून सुमारे १६० मीटरवर, बीन आणि कॉनरॅड चालत गेले होते. त्या दिशेने जाणाऱ्या पाऊलखुणा तेवढ्या उमटवल्या, आणि दोन जोड्यांच्या शेजारी तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्याही. रंगापाशी तीन आठवडे अडले. सगळे करडे केले तर ते सिमेंटच्या फरशीसारखे दिसे, जांभळे केले तर बीन यांची नक्कल वाटे. शेवटी सावल्यांना गोदावरीच्या पुराच्या पाण्यासारखा गढूळ तांबूस रंग दिला, आणि तो शास्त्रशुद्ध नाही हे चित्र पाठवताना आधीच कबूल केले. ज्येष्ठ गृहस्थांनी एवढेच कळवले की चौथ्या पाऊलखुणा त्यांना लगेच कळल्या. त्यांच्या स्वतःच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, नारिंगी रंगाचा एक फराटा होता.

बत्ता मी घासून पुष्कळ पाहिला, पण मुठीजवळच्या खाचेतला लेप निघालेला नाही. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आता त्यात लसूण कुटू नकोस, नवा घेऊन पाठवते.” जुना बत्ता गॅरेजमध्ये त्या जोड्याच्या शेजारी ठेवलेला आहे.