पित्त

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या आगरातल्या 140 पोफळी आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या होत्या, दुपारच्या दोन-तीन तासांत गेल्या. नवी पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. मी तेव्हा 44 चा. वाकलेल्या माडाखाली उभा राहून पन्नाशीपर्यंतचा हिशेब केला आणि त्या रात्रीपासून झोप उडाली. रात्री दोनला पडवीत येऊन बसायचो. बायकोने विचारलं तर सांगायचो, पित्त झालंय. आमसुलाचं सार, जिरं, दवाखान्यातल्या गोळ्या, सगळं झालं. आमच्याकडच्या बाप्यांना दोनच आजार होतात, पित्त आणि कंबर.

माझा एक मित्र खलाशी होता. दहावीला एका बाकावरचे आम्ही. तीन वर्षांमागे, जून अर्ध्यावर आला असताना, भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन माझ्याकडे आला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, म्हणजे हातात वेळच वेळ. मी म्हटलं आला असेल गप्पा मारायला. त्याच्या हातात माझा झेला, आंबे उतरवायची जाळीची काठी, दोन वर्षांपूर्वी नेलेली. फाटलेलं जाळं त्याने नव्या दोऱ्याने विणून आणलं होतं. गाठी काय सुरेख होत्या! मी म्हटलं, "आंबे संपल्यावर आणलास होय रे?" तो हसला. चहाही न घेता गेला. पाचव्या दिवशी त्याने स्वतःला संपवल्याचं कळलं.

बाराव्याला ओटीवर आम्ही सगळे बाप्ये बसलेलो. कुणीतरी विचारलं, "कर्ज किती होतं?" सव्वा लाख. "एवढ्यासाठी?" मग दुसरा म्हणाला, दारू. तिसरा म्हणाला, घरात पटत नव्हतं. एकेक कारण बाजारातल्या बांगड्यासारखं उलटंपालटं करून पाहिलं आणि परत टोपलीत टाकलं. मीही त्यातच. झेल्याचं मात्र कुणाला बोललो नाही.

नंतर 2022 चे सरकारी आकडे वाचले. देशात एका वर्षात 1,70,924 आत्महत्या, शंभरातले जवळजवळ 72 पुरुष. कारणांच्या तक्त्यात कर्ज चार टक्क्यांच्या आसपास. सर्वांत वर कौटुंबिक प्रश्न, मग आजारपण. पण तक्ता पोलिसांच्या नोंदीवरून होतो आणि नोंदीत एका माणसामागे एकच कारण जातं. माझ्या मित्राचं कुठल्या रकान्यात गेलं असेल? दोन महिने कमाई नाही, दिवसभर घरात बसलेला, संध्याकाळी क्वार्टर, मुंबईहून पोराचा फोन येतो तो आईला. यातलं एकटं काहीच माणसाला मारत नाही. बायका निदान बचत गटात नवऱ्याला शिव्या घालून मोकळ्या होतात. आम्ही टपरीवर डिझेलचा भाव बोलतो.

आमच्याकडे कुणी जरा विचित्र वागला की "ह्याला रत्नागिरीला न्या" म्हणून हसतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. मीही हसलोय. शिवाय पोलीस केसची भीती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण होता असंच धरलं जातं, शिक्षेऐवजी उपचार द्यायचे, हे आमच्या गावात अजून पोचलेलं नाही.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मला गावातल्या आशा सेविकेकडून मिळाला. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. पहिल्यांदा लावला आणि कट केला. दुसऱ्यांदा आगरात जाऊन, पंपाच्या खोलीत दार लावून लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, काय त्रास होतो?

म्हटलं, पित्ताचा.

त्या हसल्या नाहीत. "कधीपासून?"

वादळाचं सांगणार होतो. पण तोंडातून झेलाच निघाला.