लोखंडाचा खिळा आणि युरोपचा कार्बन हिशेब

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातले जे डायकास्टिंगवाले (वितळलेला ॲल्युमिनियम दाबाने साच्यात भरून भाग बनवणारे) युरोपला माल देतात, त्यांच्याकडे हल्ली माल मागतानाच एक तक्ता येतो: टनामागे कार्बन किती? तक्ता आला की पहिली धाव छतावरच्या सोलरकडे, दुसरी विजेवरच्या इंडक्शन भट्टीकडे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत दोन्ही नंतर. बहुतेक कार्बन भट्टीच्या धुराड्यात नसतो, भट्टीत पडणाऱ्या धातूत असतो.

बॉक्साइटपासून नवा धातू काढायला टनाला साधारण १४ ते १५ हजार युनिट वीज लागते. शिवाय धातू जिथे विजेने वेगळा होतो त्या सेलमधले कार्बनचे ॲनोड (विजेचे दांडे) झिजून टनाला दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तो वीज कितीही स्वच्छ असली तरी चुकत नाही. सेलमध्ये ॲल्युमिना (बॉक्साइटपासून काढलेली ॲल्युमिनियमची पूड) कमी पडला की ॲनोड इफेक्ट होतो, व्होल्टेज उसळतं आणि सीएफ४ नावाचा वायू सुटतो. हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट भारी. ॲल्युमिना थोडा थोडा आणि वेळेवर सोडणारे पॉइंट फीडर आल्यावर तो बराच आटोक्यात आला. जलविद्युतवर चालणाऱ्या नॉर्वेतला धातू एकंदर टनामागे ४ टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास बसतो, कोळशाच्या विजेवरचा १५ टनांच्या वर जातो. युरोपच्या स्मेल्टरांचं (नवा धातू काढणाऱ्या कारखान्यांचं) दुखणं मुळात विजेचं आहे. स्लोव्हाकियातल्या स्लोव्हाल्कोने वीज परवडेना म्हणून २०२२ मध्ये नवा धातू काढणं थांबवायचा निर्णय घेतला. भंगार वितळवायला याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, म्हणून तिकडे सगळ्यांचा डोळा भंगारावर.

आता आपल्याकडचा एडीसी १२, म्हणजे डायकास्टिंगचा नेहमीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू. गिऱ्हाईक लोह ०.९ टक्क्याच्या आत मागतं, आणि मिश्र भंगाराची हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा, लागते १.२ ला. वितळलेल्या ॲल्युमिनियममधून लोह काढण्याचा स्वस्त उपाय नाही, म्हणून भट्टीवाला नव्या धातूचा इनगॉट (लादी) टाकून लोहाचं प्रमाण पातळ करतो. इनगॉटमध्ये लोह ०.१ टक्का धरलं तर १.२ वरून ०.९ वर यायला चार्जच्या (भट्टीत पडणाऱ्या एकूण मालाच्या) २७ टक्के नवा धातू लागतो, म्हणजे टनाला २७० किलो. तो कोळशावरचा असेल तर एवढ्यानेच ४ टन कार्बन चढला. शिवाय पातळ केल्याने मिश्रधातूतलं सिलिकॉन आणि तांबंही कमी होतं, ते पुन्हा भरा. सिलिकॉनही विजेच्याच भट्टीत तयार होतो, हे कुणी मोजत नाही.

म्हणून पहिला खर्च निवडीच्या टेबलावर. इंजिनाच्या भंगारातले स्टड, बुश, लोखंडी इन्सर्ट ठोकून काढायचे, मग चुंबक फिरवायचा. चुंबकाला स्टेनलेस बऱ्याचदा सापडत नाही, ते हातानेच निवडावं लागतं. भट्टीला उतरता ड्राय हार्थ (भंगार ठेवायचा कोरडा ओटा) असेल तर ॲल्युमिनियम वितळून खाली येतं आणि लोखंड वर राहतं. ते लगेच ओढून घ्यायला हवं, कारण तापमान वाढत गेलं की लोखंड विरघळण्याचा वेगही वाढतो. हीच गत ढवळायच्या लोखंडी रेकची (दांताळ्याची). त्याला कोटिंग नसेल तर रोज थोडा रेक धातूत जातो. लोह, दुप्पट मँगेनीज आणि तिप्पट क्रोमियम यांची बेरीज १.८ च्या पुढे गेली की होल्डिंग भट्टीच्या (वितळलेला धातू गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या) तळाला स्लज, म्हणजे कठीण कणांचा गाळ बसतो. तो मालात गेला आणि मशीनशॉपमध्ये टूल तुटू लागले की सगळे डायकास्टिंगच्या नावाने ओरडतात.

दुसरी गळती ड्रॉसची, म्हणजे वितळलेल्या धातूवर येणाऱ्या ऑक्साइडच्या मळीची. मेल्ट लॉस (वितळवताना होणारी घट) ४ टक्क्यांवरून २ वर आणला तर टनाला २० किलो धातू वाचतो. तो नव्या धातूने भरावा लागला असता तर ३०० किलो कार्बन. टर्निंगच्या (मशीनवर निघालेल्या चिप्सच्या) अंगावरचं कटिंग ऑइल सेंट्रिफ्यूजने काढून चिप्स वाळवाव्यात. ओल्या चिप्स वितळलेल्या धातूत गेल्या तर स्फोट होतो, यात कुणी शहाणपणा करू नये. पातळ भंगार बर्नरच्या ज्योतीखाली न टाकता वितळलेल्या धातूच्या भोवऱ्यात बुडवावं. ७५० अंशांच्या वर धातू उगाच ठेवू नये. मॅग्नेशियम जास्त असेल तर ऑक्साइड आणखी झपाट्याने होतो.

भट्टीचा नंबर यानंतर. वितळवायला प्रत्यक्षात टनाला ३०० युनिटच्या आसपास उष्णता पुरते. जुनी उघडी गॅस भट्टी १,२०० खाते. झाकण, दाराची नीट सील, धुरातला ऑक्सिजन ३ टक्क्यांजवळ आणि हवा तापवणारा रिक्युपरेटर एवढ्यावर ७०० पर्यंत यावं. म्हणजे २४० किलो कार्बनचा १४० झाला. फर्नेस ऑइल असेल तर दोन्ही आकडे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्तच वाढतात. इंडक्शन भट्टी ५५० युनिटवर चालली तरी आपल्या ग्रिडच्या विजेवर, युनिटला ०.७ किलो धरून, ३८५ किलो होतात. नॉर्वेत जी भट्टी स्वच्छ, ती इथे गॅसपेक्षा घाण. दिवसाच्या सोलरवर फरक पडतो, पण होल्डिंग भट्टी रात्रपाळीलाही चालतेच.

कागद भरताना दोन आकडे वेगळे ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झालेल्या सीबॅममध्ये, म्हणजे युरोपच्या सीमेवरच्या कार्बन करात, ॲल्युमिनियमसाठी फक्त थेट उत्सर्जन मोजतात. वीज त्यात नाही, भंगार शून्य धरतात, आणि वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणारा आयातदार सुटतो. तांबं, जस्त, शिसं यादीत नाही. मोटारीचे सुटे भाग कस्टम्सच्या कोडांतल्या ७६ व्या (ॲल्युमिनियमच्या) प्रकरणाऐवजी ८७ व्यात (वाहनांच्या) जात असतील तर आधी आपला कोड तपासा. सीबॅमच्या कागदात इंडक्शन भट्टीची वीज शून्य दिसेल. गिऱ्हाइकाच्या तक्त्यात मात्र वीज आणि इनगॉटचा उगम दोन्ही येतात.

दर हीटला चार नोंदी पुरतात: भंगाराचं प्रकारवार वजन, इनगॉट कुणाचा आणि उत्पादकाने दिलेला कार्बन आकडा, गॅस मीटर, ड्रॉसचं वजन. ड्रॉस गरम असतानाच दाबून धातू काढावा आणि उरलेला कोरडा थंड करून तोलावा. पाणी मारलं तर त्यातल्या नायट्राइडमुळे अमोनिया सुटतो, वजनही खोटं येतं. उरलेला ड्रॉस घातक कचऱ्यात मोडतो. तो परवानाधारक पुनर्वापरकर्त्याकडेच द्यावा आणि पावती त्याच हीटच्या कागदाला जोडावी.