अंगठ्याच्या मुळाशी

फुटबॉलमध्ये गोलकीपरला एक सवलत असते. बाकी कुणावर मैदानात उपचार केले की त्याला, काही अपवाद सोडले तर, निदान थोडा वेळ रेषेबाहेर जावं लागतं. गोलकीपर आत राहतो आणि खेळच थांबतो. फिजिओच्या दृष्टीने हे फार सोयीचं, कारण तपासायला वेळ मिळतो. पण त्या वेळात दोन्ही संघ, पंच, आणि गोलच्या मागे कुंपणाला टेकलेले शे-दोनशे तज्ज्ञ तुमच्याकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि हे पोरालाही माहीत असतं.

आठवडाभर मी एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका रुग्णालयात गुडघे आणि खांदे बघते. शनिवारी, आणि अधूनमधून मंगळवारी रात्री, उत्तर इंग्लंडमधल्या एका नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार लीगखालच्या, क्लबची फिजिओ असते. हा क्लब सहाव्या पायरीवरचा, म्हणजे प्रीमियर लीगपासून पाच मजले खाली. आमचा सेंटर-हाफ प्लंबर आहे, एक विंगर शाळेत पीटी शिकवतो, आणि मॅनेजर, ज्यांना सगळे ‘गॅफर’ म्हणतात, ते इलेक्ट्रिशियन आहेत. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढलेली. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला प्रेक्षक गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात ते लहानपणापासून ऐकलंय, त्यामुळे इथल्या शिव्यांचं मला काही वाटत नाही. इथे फरक एवढाच, की शिव्या खाणारा पोरगा बहुतेक वेळा परक्या गावचा असतो.

कारण आमचा गोलकीपर बहुधा लोनवर, म्हणजे मोठ्या क्लबकडून उसना, आलेला असतो. मोठ्या क्लबच्या अकादमीत एकवीस वर्षांखालच्या संघातून खेळून पोरं हुशार होतात, पण त्या मॅच हरल्या म्हणून कुणाचा घराचा हप्ता चुकत नाही. म्हणून गोलकीपरला खाली पाठवतात. जा, मोठ्या माणसांत खेळ, कॉर्नरला कोपर बरगडीत कसं बसतं ते बघ. स्ट्रायकरला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. गोलकीपरची जागा एकच, आणि ती ज्याच्याकडे असते तो सोडत नाही.

या पोरांना काही नावं तोंडपाठ असतात. जॉर्डन पिकफर्ड संडरलंडच्या अकादमीतला. डार्लिंग्टनला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि तो क्लब दिवाळखोरीत होता. मग आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन. 2018 च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध पेनल्टी अडवणारा तोच. निक पोपला इप्सविचने सोळाव्या वर्षी घरी पाठवलं. तो बरी टाउनसारख्या छोट्या क्लबातून चार्ल्टनला गेला, तिथून पुन्हा हॅरो बरो, वेलिंग, ऑल्डरशॉट असा फिरला आणि पिकफर्डसोबत त्याच विश्वचषकाच्या संघात होता. जो हार्ट तर सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी श्रूसबरीकडून खेळला. गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच रस्त्याने गेलेल्या आणि कुठेच न पोचलेल्यांची यादी कुठल्याही ड्रेसिंग रूममध्ये कुणी म्हणून दाखवत नाही.

आमच्याकडे आलेला पोरगा एकोणीस वर्षांचा होता. नाव, क्लब काही सांगत नाही. उंच, शांत, आल्यावर पहिल्यांदा किटमनशी हात मिळवणारा. त्याचा करार जूनअखेर संपणार होता. मे महिन्यात क्लब यादी काढतात, कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं. त्यात नाव कुठल्या बाजूला येणार, हे त्या हंगामातल्या प्रत्येक शनिवारी त्याच्या डोक्यात असणार.

मॅच घरच्या मैदानावर होती, चिखल चांगलाच होता. पहिल्या हाफच्या मध्यावर जवळून एक जोरदार फटका आला. त्याने उजव्या तळव्याने तो बाहेर काढला, पण चेंडूने मनगट मागे दुमडलं. मी पोचेपर्यंत तो उठून उभा होता. ‘काही नाही, ठीक आहे.’ ग्लोव्ह काढ म्हटलं तर काढेना. बोटं हलवून दाखवली, मूठ वळून दाखवली आणि मनगटावरचा पट्टा एक घर घट्ट ओढला. पंच घड्याळ बघायला लागले. मी बाहेर आले, पण तो घट्ट केलेला पट्टा मनातून जाईना.

मग मी मॅच बघायची सोडून त्याला बघायला लागले. हा पोरगा चेंडू हाताने टाकण्यात पटाईत. मधल्या रेषेपर्यंत सपाट फेक, उजव्या हाताने, विंगरच्या पायात. त्या फटक्यानंतर त्याने एकदाही चेंडू फेकला नाही. प्रत्येक वेळी लाथ. कॉर्नर आला तेव्हा जो चेंडू त्याने डोळे मिटून पकडला असता, तो त्याने डाव्या मुठीने बाहेर ठोकला. प्रेक्षकांना ते धाडस वाटलं, टाळ्याही पडल्या.

हाफटाइमला मी त्याला बाथरूमशेजारच्या टेबलावर बसवलं आणि ग्लोव्ह स्वतःच काढला. अंगठा ताणला की मनगटाच्या बाजूला त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबलं. तो बोलला नाही, पण खांदा वर गेला. पुढून, तळव्याच्या बाजूला मनगटावरचा उंचवटा दाबला, पुन्हा तेच. अंगठा त्याच्या सरळ रेषेत आत ढकलला, तेव्हा त्याने श्वास रोखला. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की स्कॅफॉइड, म्हणजे मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड, मोडलं नसेलही, पण मोडलंय असं धरूनच चालायचं असतं.

हे हाड काजूएवढं असेल नसेल, पण भलतं खोडकर. त्याला रक्तपुरवठा बहुतांशी बोटांकडच्या टोकाने आत शिरतो आणि उलटा, कोपराच्या दिशेने जातो. मधे मोडलं की मागचा तुकडा रक्ताविना राहू शकतो, जुळत नाही, कधी मरतोही. आणि मग तिशी यायच्या आत मनगटात संधिवात. भरीला, पहिल्या एक्स-रेमध्ये हा मोड अनेकदा दिसतच नाही. दुसऱ्या हाफमध्ये आणखी एक तसाच फटका आला असता, तर न सरकलेला मोड सरकला असता.

डोक्याला मार असता तर माझं काम सोपं होतं. फुटबॉल असोसिएशनचा नियमच आहे: शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि शेवटचा शब्द माझा. मनगटाला असा नियम नाही. तिथे मी सल्ला देते, आणि सल्ला ऐकणारे दोघेही त्या क्षणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतात. गॅफरनी पहिला प्रश्न विचारला, ‘पट्टी मारून चालेल का?’ बेंचवर दुसरा गोलकीपर नव्हता. आमच्या पायरीवर त्या खुर्चीत मिडफिल्डर बसवणं परवडतं, म्हणून नसतो. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही, आणि तेव्हा मी तो जरा चढ्या आवाजात सांगितलाही.

पोरगा खालच्या आवाजात म्हणाला, ‘मी बाहेर गेलो तर दुसरा येईल. आणि तो राहील.’ स्टँडमध्ये कुठल्याशा क्लबचा, खेळाडू हेरणारा स्काउट बसलाय अशी कुजबुज होती. खरी होती का कोण जाणे, पण त्याने ती ऐकली होती.

मी म्हटलं, मूळ क्लबला मी आत्ता फोन करते, तुझं मनगट त्यांचं आहे. मग गॅफर गप्प झाले. आमच्या लेफ्ट-बॅकने ग्लोव्ह चढवले, दोन गोल खाल्ले, मॅच गेली. पोरगा ट्रॅकसूट घालून बाहेर आला तेव्हा, मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच एकाने ‘नखं तुटली का रे?’ असं विचारलं.

शनिवार रात्रीचा तातडीचा विभाग कसा असतो ते मी नोकरीमुळे जाणते. एक्स-रे व्हायला मध्यरात्र उलटली. काही दिसलं नाही. स्प्लिंट मिळाला, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या, असा कागद. स्कॅफॉइडची शंका असेल तर आधी एमआरआयचाच विचार करा, असं ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिका 2016 पासून सांगते. पण बहुतेक ठिकाणी मशीन आणि माणसं पुरत नाहीत, आणि मार्गदर्शिका भिंतीवर राहते. त्याचा एमआरआय मूळ क्लबने खासगीत, काही दिवसांत करून घेतला.

हाड मोडलेलं नव्हतं. आतून मुका मार होता, काही आठवडे विश्रांती.

त्यांच्या फिजिओचा फोन आला. अगदी सभ्य माणूस. ‘तुम्ही योग्यच केलंत,’ म्हणाले, आणि त्याच दमात विचारलं, ‘तो शेवटपर्यंत खेळू शकला असता का?’ मी सांगितलं की हाफटाइमला माझ्याकडे बोटं होती, मशीन नव्हतं. ते हसले. प्रश्न मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

त्या आठवड्यांत गॅफरनी दुसऱ्या अकादमीतून एक गोलकीपर आणला. तो चांगला निघाला आणि राहिला. आमच्या पोराला मूळ क्लबने परत बोलावलं, आणि मे महिन्यात त्याचं नाव सोडलेल्यांत आलं. मनगटामुळे आलं असं कुणी म्हणणार नाही. खरं कारण मला कधी कळणारही नाही.

ज्या गोष्टीवर मी अजून अडते ती वेगळीच. त्या रात्री रुग्णालयात वाट बघताना त्याने विचारलं होतं, ‘मी काहीच म्हणालो नव्हतो. मग तुम्हाला कशावरून कळलं?’ पेशंटने विचारलं की मी सांगते. पट्टा घट्ट केलास, फेकणं सोडलंस, डाव्या मुठीने मारलास. तो लक्ष देऊन ऐकत होता. मला वाटलं, स्वतःच्या शरीराबद्दल शिकतोय. अकादमीत ही पोरं रोज सकाळी अॅपमध्ये दुखण्याला दहापैकी आकडा देतात, आणि माझ्या अनुभवात तिथे दोनच्या वर कुणी जात नाही. मोठे आकडे लिहिले की काय होतं हे त्यांनी सोळाव्या वर्षीच पाहिलेलं असतं.

पुढच्या हंगामात चषकाच्या सुरुवातीच्या फेरीत आमची गाठ खालच्या पायरीवरच्या एका क्लबशी पडली. त्यांच्या गोलमध्ये तोच. त्याने लांबूनच हात केला. दोन्ही मनगटांना सारखीच पांढरी पट्टी होती. पहिल्याच मिनिटाला चेंडू हातात आला, तेव्हा त्याने तो उजव्या हाताने मधल्या रेषेपर्यंत सपाट फेकला. मॅच संपल्यावर मी विचारलं, ‘कुठलं दुखतंय?’

‘एकही नाही,’ म्हणाला. मग जरा थांबून, हसत, ‘पण तुम्हाला ओळखता आलं नाही ना?’

आता त्यांच्या क्लबच्या फिजिओला फोन करावा का, हे मी अजून ठरवलेलं नाही. तो माझा पेशंट नाही, आणि तक्रारही त्याने केलेली नाही.