कागदाचा धोंडा

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन सगळीकडे असतं तसंच आमच्या सांगलीतल्या शाळेच्या गॅदरिंगलाही व्हायचं. मी वाट बघायचे ती नववीच्या पोरांची.

दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्यातलं एक माणूस निवडायचं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारून टिपणं काढायची आणि गॅदरिंगला त्याच्याच वेशात 'मी' म्हणून बोलायचं. पुस्तकातून उतरवलेलं मला लगेच कळायचं. कुंडलच्या आजोळाहून एक पोरगा एवढाच प्रश्न घेऊन आला, "बाई, प्रतिसरकार की पत्री सरकार?" नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या सरकारची ही दोन नावं, अख्खा तास त्यातच गेला.

वसंतदादा पाटील व्हायला रांग लागायची. २४ जुलै १९४३, इंग्रजांचा सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून उडी! हौस उडीचीच. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, ते कोण होणार म्हटलं की सगळे खाली बघायचे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि पत्रावळे झाला. गोळी लागून पडला तो पुढची दोन भाषणं तसाच. त्याला ऊठ म्हणायचं आम्हीच विसरलो.

पण माझा जीव अडकायचा स्वातंत्र्यसैनिक हौसाताईंमध्ये. भवानीनगरच्या पोलीस चौकीपुढं नवराबायकोच्या मारामारीचं सोंग, शिपाई सोडवायला बाहेर, तेवढ्यात साथीदार आत शिरून बंदुका लंपास! आमचा 'नवरा' धोंडा उचलायचा, पोरगी किंचाळायची. मग उठून पदर झटकायची आणि शांतपणे म्हणायची, "मी नाना पाटलांची लेक." दरवर्षी तेच वाक्य, दरवर्षी माझे डोळे भरायचे.

बघायला माणसं किती? आपल्या पोराचा नाच झाला की आईबाप खुर्च्या सोडून चालते. एकदा तर पाहुणेच हौसाताईंच्या आधी उठले, 'पुढचा कार्यक्रम आहे' म्हणून. शाल-श्रीफळ मात्र काखोटीला मारून नेलं.

थांबली ती आमची माणसं. नऊवाऱ्या नेसवणाऱ्या खिचडीच्या मावशी, टोप्यांना फुकट इस्त्री करणारे परीटकाका, निम्म्या पैशात आलेला माईकवाला, पडदा ओढणारे शिपाईमामा, कागदाच्या लगद्याचा धोंडा करणारे चित्रकलेचे सर. आणि हो, तो ठेवायला प्रयोगशाळेतलं कपाट देणारे सायन्सचे सर, राहिलेच होते बघा. उंदरांनी कुरतडला नसेल तर धोंडा अजून तिथंच असेल.